जंतूंशी वैर

आमचे घरमालक कुणाच्याही घरचं पाणी पीत नसत. यात सोवळंओवळं काही नव्हतं. "जंतूंना जात नसते," असं ते म्हणत, आणि म्हणून सगळ्या जातींच्या घरचं पाणी ते सारख्याच आदरानं नाकारत. लग्न असो, बारसं असो, तेरावं असो, उकळून गार केलेल्या पाण्याचा फिरकीचा तांब्या त्यांच्या काखेत असायचाच. पंगतीत वाढपी पाणी घेऊन आला की ते भांड्यावर पालथा पंजा धरायचे. यजमानाला वाईट वाटायचं. यांना वाटायचं नाही.

मी त्यांच्याकडे भाड्यानं राहायला गेले ती साठ सालानंतरची पहिली काही वर्षं. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली होती आणि एकट्या बाईला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. शाळेचा शिपाई म्हणाला, "सायेबनं घर शे ना, बाई. पन ते आधी हात देखतस." मला वाटलं, ज्योतिष बघत असतील. त्यांनी खरोखरच हात बघितले. आधी तळवे, मग पंजे पालथे करून, मग एकेक नख. सगळं पाहून झाल्यावर म्हणाले, "खोली मिळेल. सध्या पाणी कुठलं पिता?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न. सारी हयात त्यांनी सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणून घालवली होती. पटकीची साथ आली की माणसं नंतर, आधी पाणी शोधायचं, ही त्या नोकरीची सवय. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. कुणी आजारी आहे असं कानावर आलं की साहेब दारात हजर. "पाणी कुठलं प्यालात?" तापाला हाच प्रश्न, खरजेला हाच. शेजारच्या मास्तरांचा जिन्यावर पाय मुरगळला, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. आणि शोध लागला की तो मनात ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ज्या घरचं पाणी ठरेल त्या घरासमोर उभं राहून, छत्रीचं टोक माठाकडे रोखून, चार लोकांत सांगायचे. त्यामुळे आमच्या गल्लीत कुणाचं पोट बिघडलं की औषधाआधी ते साहेबांपासून लपवायची घाई असे.

गाव त्यांना तोंडावर साहेब म्हणे. पोरं पाठीमागून "लाल पानी" म्हणत, कारण तालुक्यातली एकही विहीर त्यांनी पाण्यातले जंतू मारायची लाल दवा टाकल्याशिवाय सोडली नव्हती. धानोऱ्याच्या म्हाताऱ्या बाया म्हणे साहेबांची सायकल दिसली की धावत जाऊन आधी दोन हंडे भरून ठेवत.

बोलायचे ते कचेरीतलं मराठी. रस्त्यात आडव्या बसलेल्या म्हशीलासुद्धा "बाजूला व्हावे" म्हणायचे. काकू, म्हणजे त्यांची बायको, सारंगखेड्याकडच्या. त्या घरात अहिराणीच बोलत.

"आमटीत मीठ कमी असल्याचे आढळते," साहेब म्हणायचे.

"मंग टाकी ल्या ना," काकू म्हणायच्या.

संसार याच दोन भाषांत सुरळीत चालला होता.

जंतूंवर त्यांचा राग फार, आणि विश्वास त्याहून जास्त. "दिसत नाहीत, म्हणूनच ते आहेत," असं एक वाक्य होतं त्यांचं. त्यापुढे वाद घालून उपयोग नसे. त्यांचं दुसरं आवडतं वाक्य, "ऊन हा फुकटचा डॉक्टर." त्यांच्या अंगणात उन्हात काय नसायचं? गाद्या, उशा, पानाचा डबा, चपला, टपालानं आलेली पाकिटं. पेपर सकाळच्या गाडीनं यायचा. तो आधी दोरीवर जायचा आणि दुपारनंतर वाचला जायचा. मी एकदा म्हटलं, "साहेब, बातमी शिळी होते." ते म्हणाले, "शिळी चालेल. निर्जंतुक पाहिजे."

स्वतः मात्र उन्हात पाऊल टाकायचे नाहीत. पित्ताची प्रकृती, ऊन लागलं की डोकं चढायचं. मनगटापर्यंत बाह्या, डोक्यावर टोपी आणि टोपीवर काळी छत्री, हा त्यांचा बारमाही वेष. "ऊन वस्तूंना. माणसाला छत्री." हे मी मुद्दाम आधी सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं या छत्रीवरून झालं.

सारंगखेड्याच्या घोडेबाजाराची एक गोष्ट काकू फार रंगवून सांगत. यात्रेत पटकी होऊ नये म्हणून साहेबांची तिथे नेमणूक झाली होती. यांनी घोड्यांच्या हौदात इतकी लाल दवा ओतली की एका व्यापाऱ्याची पांढरीशुभ्र घोडी पाणी पिऊन वर आली ती तपकिरी ओठ घेऊन. सौदा ठरत आला होता. गिऱ्हाइकाला वाटलं, जनावराच्या तोंडाला रोग आहे. ते उठून चाललं. व्यापाऱ्यानं साहेबांची कॉलर धरली. साहेबांनी कॉलर सोडवली नाही. तसेच वाकले, हौदातलं पाणी तांब्यात घेतलं, सगळ्यांसमोर घटाघटा प्याले आणि आपले ओठ दाखवले. ओठ घोडीसारखेच झाले होते. गिऱ्हाईक हसत परत आलं. साहेबांचे दात संक्रांतीपर्यंत तसेच होते.

"पण साहेब, ते बाहेरचं पाणी की," मी म्हटलं.

"दवा मी टाकली होती. ते माझेच पाणी." आणि मग मान ताठ करून, "स्वतःच्या अंगावर सिद्ध केल्याशिवाय मी काही सांगत नसतो, बाई."

इतका जंतूंचा धसका घेतलेल्या माणसाच्या मागे काहीतरी दुःख असणार, असं मला वाटायचं. नवी नवी शिक्षिका होते, प्रत्येक गोष्टीला कारण असतं असं शिकवत होते. एकदा काकूंना हळूच विचारलं, "घरात कुणी साथीत गेलं होतं का?" काकू पोळपाट सोडून हसायला लागल्या. "कोनी नही गया, बाई! मन्हा लगीनमाबी तोच तांब्या लई बठेल होतात. मन्हा बाप म्हने, जावई शे का दूधवाला शे?"

निवृत्त झाल्यावर साहेबांच्या हातून विहिरी गेल्या. काही दिवस ते अगदी पोरके झाले. त्याच सुमारास बाजारातल्या एका दुकानात मुंबईहून एक नवा साबण आला. हिरवट वडी, दवाखान्यासारखा वास, आणि वेष्टणावर ठळक अक्षरात लिहिलेलं, की यात जंतू मारणारं नवीन रसायन आहे आणि धुतल्यानंतरही ते अंगावर राहून काम करतं. हे दुसरं वाक्य साहेबांना फार भावलं. "लाल दवा विहिरीत राहते, माणूस घरी जातो. हे माणसाबरोबर घरी येते," असं त्यांनी मला समजावलं. त्यांनी खोकंच आणून ठेवलं. येईल त्याला वडी. पोस्टमनला, दूधवाल्याला, मला. माझी वडी मी ट्रंकेत साड्यांमध्ये ठेवली. त्या वासानं कसर लागत नाही असा माझा शोध होता.

काकू त्या साबणाला शिवतसुद्धा नव्हत्या. त्यांचं बेसन आणि शिकेकाई ठरलेली. पण नवऱ्याचं मन राखायचं म्हणून रोज सकाळी मोरीत बसून आपली वडी दगडावर घासायच्या, झिजलेली दिसावी म्हणून. "दगड कितला चोखा व्हयना देख," मला दाखवायच्या. दगड खरोखरच चकचकीत झाला होता.

हा साबण मनापासून वापरला तो दोघांनीच. एक साहेब, आणि दुसरी बायजा.

बायजा आमच्याकडे भांडी घासायला यायची. तिशीची, अंगानं काटक, बोलायला तिखट. नवरा नव्हता, घरात आंधळी सासू होती. सकाळी आमची भांडी करून ती मिरचीच्या पथारीवर जायची. नंदुरबारच्या बाहेर मोकळ्या रानात मिरच्या वाळत घालतात, त्याला पथारी म्हणतात. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत तिथे नजर पोचेल तिथवर जमीन लाल असते. शेकडो बाया दिवसभर उन्हात बसून देठं खुडतात, मिरच्या खालीवर करतात. वाऱ्याबरोबर खकाणा उठतो तो पार आमच्या शाळेत यायचा आणि कवितेच्या तासाला अख्खा वर्ग शिंकायचा. बायजाला वर्षभराची भाकरी या हंगामानंच मिळायची. आमची भांडी म्हणजे तिला वरचं मीठमिरची.

साहेबांचा नियम असा, की भांड्यांना हात लावण्यापूर्वी बायजानं कोपरापर्यंत हात आणि तोंड त्या साबणानं धुवावं. त्यासाठी तिला तिची स्वतःची वडी दिली होती. बायजाला नियमाचा राग यायला हवा होता. तिला आनंद झाला. विकतची साबणाची वडी तिच्या एकटीच्या मालकीची अशी कधी झालीच नव्हती. ती तिनं घरी नेली, चिंधीत बांधून पथारीवरसुद्धा न्यायला लागली. दुपारी भाकरीआधी तोंड, मान, हात, पाय, सगळं त्या साबणानं धुवायची. बाकीच्या बाया तिचे हात हुंगायच्या आणि चिडवायच्या, "बायजा वं, दवाखानामा कामले लागनी का?" बायजा ऐटीत म्हणायची, "सायेबना साबन शे. तुमना नशीबमा नही."

संक्रांत होऊन ऊन तापायला लागलं आणि बायजाचं तोंड लाल झालं. आधी गाल, मग कपाळ, कान, मान, हात. लाली होती तिथे सूज आली, सुजेवर बारीक फोड, आणि फोड बसले तिथे भाजल्यासारखे काळे डाग. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लांबूनच सांगितलं, "मिरची. दुसरं काय?" आणि पांढरं मलम दिलं. आमच्या गावात डोळा आला तरी मिरची, नाक गळलं तरी मिरची. बायजालाही तेच वाटत होतं. मलम संपलं, तोंड तसंच राहिलं.

मग साहेबांनी तिला ओट्यावर बोलावलं. भिंग काढलं. पाणी भरायला आलेल्या बाया हंडे टेकवून बघत उभ्या राहिल्या. साहेबांनी तिच्या सुजलेल्या कानाच्या पाळ्या पाहिल्या, डागांवर टाचणी टोचली. बायजा किंचाळली. "संवेदना आहे," साहेब म्हणाले. ही टाचणी कशासाठी असते ते त्या काळात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. महारोगाची सरकारी तपासणी गावोगाव अशीच व्हायची. बाया दोन पावलं मागे सरकल्या.

साहेबांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी निदान सांगितलं. "हे जंतूंचे काम आहे. सांसर्गिक असू शकते. पाण्याचे भांडे वेगळे ठेवावे. दिवसातून तीनदा साबणाने धुवावे, आणि धुतल्यावर तोंड उन्हाकडे करून बसावे. साबण आणि ऊन. यापुढे कोणताही जंतू टिकत नाही."

घोडीच्या वेळची ती बढाई मला नंतर आठवली. हे त्यांनी स्वतःच्या अंगावर सिद्ध केलेलं नव्हतं. साबण ते रोज लावत, पण छत्रीखाली.

दुपारपर्यंत पथारीवर कळलं, की बायजाला छूतचा रोग आहे, साहेबांनी टाचणी टोचून पाहिलं. तिथल्या बाया काही दुष्ट नव्हत्या. प्रत्येकीच्या घरी लहान मूल होतं. त्यांनी तिला सगळ्यांच्या माठाला हात लावू दिला नाही. ती पलीकडे निंबाखाली आपलं छोटं मडकं घेऊन एकटी बसायला लागली. तिनं खुडलेल्या मिरच्यांचा ढीगही वेगळा राहिला. मग पथारीवाल्या शेठजींनी सांगितलं, हा आणि पुढचा आठवडा पुरा कर आणि मग येऊ नको. साहेब चांगलं म्हणतील तेव्हा बघू.

बायजानं साहेबांचा शब्द मात्र तंतोतंत पाळला. तीनदा साबण, आणि निंबाची सावली सोडून उन्हात तोंड वर करून बसणं. तिचे डोळे सुजून बारीक झाले. आमच्याकडे ती यायची ती पदर पुढे ओढून. काकू तिला भांडी घासू द्यायच्या नाहीत, बसवून चहा द्यायच्या. तिची ती दशा बघून मला साहेबांचा संताप यायचा. पेपर उन्हात घालणाऱ्या माणसाची गंमत वाटते, पण त्याच माणसाच्या एका वाक्यानं बाईची भाकरी जाते तेव्हा गंमत संपते.

एका सकाळी बायजा सरळ ओट्यासमोर येऊन उभी राहिली. साहेब छत्री उघडून खुर्चीत बसले होते. मी शाळेला निघालेली, तिथेच थांबले.

"सायेब, छूतना रोग शे म्हनीसन तुम्हीच सांगेल शे ना?" ती म्हणाली. "आते तुम्हीच सांगा, नही शे म्हनीसन. माले माठले हात लावू देतस नही. पुढला आठवडाले काम जाई. मन्ही सासूले मी काय खावाडू?"

"बरे वाटल्याशिवाय मला तसे सांगता येणार नाही," साहेब म्हणाले. "साबण लावता ना?"

"लावस ना! हाई देखा!" बायजानं रागानं दोन्ही हात त्यांच्या नाकासमोर धरले. हात वर झाला तसं मनगटातलं चांदीचं रुंद कडं कोपराकडे घसरलं.

कड्याखालची कातडी चांगली होती. तेवढाच पट्टा, स्वच्छ, जसा काही दुसऱ्याच बाईचा.

साहेब भिंग न काढता नुसतेच बघत राहिले. "ते कडे पुन्हा खाली करा," ते म्हणाले. केलं. "वर करा." केलं. मग गळ्यातली पोत बाजूला करायला सांगितली. मण्यांच्या खालीही तसंच. काकूंना हाक मारून म्हणाले, हिला आत नेऊन पाठ पाहा. काकू बाहेर येऊन म्हणाल्या, "पाठ चांगली शे. पोट चांगलं शे. येक डाग नही."

"पाठीला साबण लावत नाहीत?"

"लावस ना, सायेब," बायजा म्हणाली. "सगळा आंगले लावस."

साहेबांनी डोक्यावरच्या छत्रीकडे पाहिलं. मिरचीचा खकाणा कड्याखाली आधी जातो, तिथे तर जास्त आग व्हायला हवी. जंतू कडं पाहून थांबत नाही. कड्याखाली जात नाही ते एक ऊनच. आणि बायजा जन्मल्यापासून उन्हातच होती. नवीन होता तो साबण. हे सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा मात्र एवढंच म्हणाले, "चौकशी करून कळवतो." बायजा डोळे पुसत गेली. मीही शाळेला निघून गेले. त्या दिवशी मला त्यांचं तोंड पाहायची इच्छा नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अंगणात बघते तर साहेब उन्हात. टोपी नाही, छत्री मिटून खुंटीला, आणि दोन्ही बाह्या दंडापर्यंत वर. त्यांचे हात मी पहिल्यांदाच पाहत होते. सोललेल्या मुळ्यासारखे पांढरे. डावा त्यांनी आपल्या साबणानं धुतला होता, उजवा काकूंच्या बेसनानं. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवून ते सूर्याकडे तोंड करून बसले होते. आजूबाजूला नेहमीप्रमाणे गाद्या आणि चपला.

"मानूस म्हातारा व्हयना म्हनीसन असा करस का?" काकू मोरीतून ओरडत होत्या. "डोकं चढी ना!"

डोकं चढलंच. ते ओलं फडकं कपाळाला बांधून पुन्हा येऊन बसले. रोज धुवायचे, रोज बसायचे. गल्लीतली पोरं कुंपणावर रांगेनं बसून बघायची. उजवा हात उन्हानं नुसता तांबूस झाला. डावा आधी खाजायला लागला, मग सुजला, आणि मग त्यावर बायजासारखेच फोड आले.

मला वाटलं होतं ते खचतील. ते दोन्ही हात शेजारी शेजारी धरून मला म्हणाले, "या गावात हा साबण माझ्याइतका कुणी वापरला नसेल. मी फक्त उन्हात गेलो नाही, बाई. बायजाबाईंना मी उन्हात बसवले." आवाज कचेरीतलाच होता, पण डोळे भरले होते. मला त्या क्षणी त्यांच्याविषयी माया वाटली, आणि आधी आलेला रागही गेला नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतं. पुढे बऱ्याच वर्षांनी वाचण्यात आलं, की तसल्या साबणांतली काही रसायनं कातडीवर राहतात आणि ऊन लागलं की उलटतात, आणि म्हणून ती मागे घेतली गेली. साहेबांना ते कुणी कळवलं नाही. त्यांना गरज नव्हती.

उरलेलं खोकं त्यांनी परसात खड्डा करून पुरलं. वर चुना टाकला. साथीत मेलेलं जनावर पुरायची जी रीत, तीच. मीही माझी वडी ट्रंकेतून काढून खड्ड्यात टाकली. काकूंनी आपली झिजलेली वडी टाकली, तेव्हा साहेब म्हणाले, "तुम्हाला काही झाले नाही हे आश्चर्य आहे." काकूंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बायजाचा आठवडा संपायचा होता त्या दिवशी साहेब मला म्हणाले, "चला. साक्षीला कुणीतरी शिकलेले माणूस हवे." छत्री त्यांनी घेतली नाही. आम्ही पथारीवर गेलो. मला ठसका लागला होता. ते सरळ बायांच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात पुढे केले.

"सदर बाईंना कोणताही सांसर्गिक आजार नाही," ते म्हणाले. "दोष साबणाचा आहे. तो मी दिला होता. निदानही माझे चुकले. हा हात साबणाचा, हा बेसनाचा. पाहून घ्यावे."

बायांनी पाहिलं. मग मागून एक दबलेला आवाज आला, "देख वं माय, आते सायेबलेबी लागना!"

आणि समोरच्या बाया त्यांच्यापासूनही दोन पावलं मागे सरकल्या.

साहेबांना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी शेठजींकडे पाहिलं. शेठजी गुजराथी, माणूस सभ्य. हात जोडून म्हणाले, "साहेब, मला समजलं. पण बायांच्या मनातली बीक, ही भीती, मी कशी काढू? तुम्ही एकदा बोललात ते बसलं. आता दुसरं बोलता ते बसत नाही."

पुरावा पुढे केलेले ते दोन हात तसेच हवेत राहिले होते. ते त्यांनी हळूहळू खाली घेतले. निंबाखाली बायजा बसली होती. ती उठलीही नव्हती. काम संपल्यात जमा आहे हे तिनं धरलं होतं आणि तरीही शेवटचा ढीग नीट खुडत होती.

साहेब तिच्याकडे चालत गेले. मडक्यापाशी थांबले.

"माले तीस लागनी, माय," ते म्हणाले. तीस म्हणजे तहान. त्यांच्या तोंडून अहिराणी मी पहिल्यांदा ऐकली. "पानी दे."

बायजा बघतच राहिली. "सायेब, तुमना तांब्या?"

"घर शे."

मी पाहिलं, काखेत खरंच तांब्या नव्हता. बायजानं हात पदराला पुसले. मडक्यातून तिचा तो पोचे पडलेला पेला बुडवून काढला. पाण्यावर मिरचीची साल तरंगत होती, ती तिनं बोटानं काढायला घेतली, मग बोट मागे घेतलं. साहेबांनी पेला घेतला. पेल्यात एकदा डोकावून पाहिलं. त्या पाण्यात त्यांना काय काय दिसलं असेल ते मी सांगू शकते. मग डोळे मिटून, ओठ लावून, घोट घोट करत ते सगळं पाणी प्याले, आणि पेला पुढे करून म्हणाले, "आखो दे." आणखी.

पथारीवर इतक्या बाया होत्या, पण देठ मोडल्याचा आवाज नव्हता. साहेब कुणाच्या घरचं पाणी पीत नाहीत हे त्यांतल्या प्रत्येकीला माहीत होतं. कित्येकींच्या घरच्या पंगतीत त्यांनी भांड्यावर पंजा धरला होता. शेवटी एक म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. "मन्हा पोरना लगीनमा नही पिनात," ती म्हणाली, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. मग तिनं आपल्या शेजारची जागा हातानं झाडली आणि हाक मारली, "बायजा वं, तठे काय बठनी? आठे ये."

आम्ही परत निघालो. ऊन डोक्यावर होतं. मी माझी छत्री पुढे केली, ती त्यांनी हातानंच नको म्हटली.

संध्याकाळपासून त्यांचं पोट बिघडलं. दुसऱ्या दिवशीही ते अंथरुणावरच होते, ओवा आणि लिंबाच्या पाण्यावर. काकू हैराण. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचं पोट कधी बिघडलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. मी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसले होते. काकू कमरेवर हात ठेवून त्यांच्या उशाशी उभ्या राहिल्या आणि त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला.

"पानी कोठलं पिनात?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुपातून मान वर केली नाही. मग ते भिंतीकडे कुशीला वळले.

"घरनंच," ते म्हणाले.